आचार्याची मूठ

यवतमाळचे वकील डॉ. यशवंत खुशाल देशपांडे यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा मराठी वाचकांना आपल्याच भाषेतले एक मोठे दालन नव्याने दिसले. हे वाङ्मय शतकानुशतके मठांमध्ये जपलेले होते, रोजच्या पाठात होते. भाषा तर मराठीच होती. तरीही महानुभाव पंथाबाहेरच्या माणसाला त्यातले अक्षर लागत नव्हते, कारण पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिलेल्या होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली, पंथातल्या काही महंतांनी विश्वास टाकून पोथ्या दाखवल्या, आणि देशपांडे यांच्यासारख्या अभ्यासकांनी ठिकठिकाणची हस्तलिखिते मिळवून त्यांचा अभ्यास मांडला. देशपांडे यांनी यवतमाळात उभ्या केलेल्या शारदाश्रमात अशा हस्तलिखितांचा संग्रह आहे.

या इतिहासात एक कोडे आहे. ज्ञान लोकांच्या बोलीत आणायचे, हा तर चक्रधरस्वामींच्या पंथाचा मूळ बाणा. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते तेराव्या शतकात. स्वामींना ज्यांनी पाहिले, ऐकले, त्यांच्याकडे जाऊन एकेक आठवण त्यांनी विचारून घेतली, पडताळली आणि मग लिहिली. आठवणी सांगणाऱ्यांत पंडित होते तशा साध्या बायकाही होत्या. केशोबासांसारखा विद्वान शिष्य संस्कृतात लिहू लागला, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्याला थांबवल्याची हकीगत ‘स्मृतिस्थळा’त आहे. संस्कृतात लिहिलेस तर आपल्यातल्या म्हाताऱ्या बायाबापड्या त्याला मुकतील, अशी त्यांची काळजी होती. ज्या पंथाच्या आचार्याने अशी काळजी वाहिली, त्याच पंथाने पुढच्या शतकात ते ग्रंथ सांकेतिक लिपीत बंद केले.

याची कारणे अभ्यासकांनी वेगवेगळी सांगितली आहेत. परचक्राची धामधूम, विरोधकांची कुचेष्टा, ग्रंथात कोणी भलतेसलते घुसडेल ही धास्ती, शिवाय गुरुवचनाविषयीचा पराकोटीचा आदर. यातले एकही कारण क्षुद्र म्हणता येत नाही. जे प्राणापलीकडे जपायचे, ते वाटेल त्याच्या हाती कसे द्यायचे, हा प्रश्न खरोखर अवघड आहे. ज्ञान सर्वांचे आहे, असे मनापासून मानणाऱ्यांनाही तो चुकला नाही.

आज हाच प्रश्न शाळेच्या पुस्तकाच्या, शिक्षणाच्या माध्यमाच्या आणि लेखनहक्काच्या रूपाने समोर उभा आहे. त्याचा निर्णय आपण प्रशासनावर आणि बाजारावर सोडून दिला आहे. मुळात मात्र तो धर्मविचारातला प्रश्न आहे, आणि त्याच अंगाने त्याकडे पाहिले तर काही गोष्टी अधिक स्पष्ट दिसतात.

भारतीय परंपरेने या प्रश्नाला दिलेले एक उत्तर म्हणजे अधिकार. विद्या मागणाऱ्याची योग्यता पाहावी आणि मगच ती द्यावी. कठोपनिषदात यम नचिकेत्याला लगेच काही सांगत नाही. संपत्ती, दीर्घ आयुष्य, भोग असे सगळे देऊ करून तो त्याची परीक्षा घेतो. ही परीक्षा मुलाच्या मनाची आहे, कुळाची नाही, आणि अशा परीक्षेत गुरूची जबाबदारीही आहे. पण हाच विचार ब्रह्मसूत्रांच्या अपशूद्राधिकरणात पोचतो तेव्हा त्याचे रूप पालटते. तिथे योग्यता जन्मावर ठरते आणि वेदाध्ययनाचे दार शूद्रांना बंद होते. शंकराचार्यांनी भाष्यात तो निर्णय मान्य केला. विदुर, धर्मव्याध यांना ज्ञान झाले होते हे त्यांना नाकारता आले नाही आणि इतिहास-पुराणांची वाट चारही वर्णांना मोकळी आहे असे ते म्हणाले, हेही तितकेच खरे. महाराष्ट्रातल्या संतांनी त्या मोकळ्या वाटेचा राजमार्ग केला. पण वेदाचे दार मिटले ते मिटलेच, आणि त्याबरोबर अक्षरओळखीचे दारही कोट्यवधी लोकांना शतकानुशतके मिटलेले राहिले.

दुसरे उत्तर बुद्धाचे. महापरिनिब्बान सुत्तात अखेरच्या दिवसांत तो आनंदाला सांगतो की तथागताजवळ आचार्याची बंद मूठ नाही. काही शिष्यांना सांगायचे आणि काही अखेरपर्यंत मुठीत झाकून ठेवायचे, असे त्याने केलेले नाही. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात आणखी एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेले दोन भिक्खू तक्रार घेऊन येतात. नाना कुळांतले, नाना जातींतले भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवत आहेत, तर ते छंदात, म्हणजे वेदांच्या धर्तीच्या भाषेत, बांधू द्यावे. बुद्ध त्यांची कानउघाडणी करतो आणि आपापल्या भाषेत धम्म शिकण्याची मुभा देतो. नंतर टीकाकार बुद्धघोषाने ‘आपली भाषा’ म्हणजे बुद्धाची मागधी असा अर्थ लावला. पुष्कळ आधुनिक अभ्यासक मात्र तो शिकणाऱ्याची स्वतःची भाषा असाच घेतात, आणि प्रसंगाचा रोख पाहता तोच अर्थ सरळ वाटतो.

इथे अधिकाराचा विचार उलटा फिरतो. शिकणारा विद्येला लायक आहे का, हे बुद्ध विचारत नाही. देणाऱ्याने ती शिकणाऱ्याच्या भाषेपर्यंत नेली पाहिजे, हा भार तो देणाऱ्यावर टाकतो. विदर्भात १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपुरातल्या धम्मदीक्षेनंतर हा वारसा घराघरांत आला. त्याआधी १८८२ मध्ये जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढच्या निवेदनात आणखी एक हिशेब मांडला होता. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. म्हणून निदान बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे त्यांचे मागणे होते. ते दया मागत नव्हते, थकलेली बाकी मागत होते.

ही बाकी यवतमाळ जिल्ह्यात अजून फिटलेली नाही. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या पावणेअठ्ठावीस लाखांच्या आसपास, साक्षरता सुमारे ८३ टक्के आणि अनुसूचित जमातींचे प्रमाण साडेअठरा टक्क्यांच्या घरात होते. या जमातींत गोंड, परधान, आंध आहेत आणि कोलाम आहेत. महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना केंद्र सरकारने विशेष दुर्बल म्हणून नोंदवले आहे, त्यांत कातकरी आणि माडिया गोंडांबरोबर कोलामांचे नाव आहे. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी, राळेगाव या तालुक्यांत मुख्य गावापासून जरा दूर, जंगलाच्या कडेला त्यांची वस्ती असते. तिला पोड म्हणतात. त्यांची कोलामी भाषा द्रविड कुळातली. देशभरात ती बोलणारे जनगणनेत सव्वा लाखाच्या आसपास भरले.

कोलामीत घराला एल्ला म्हणतात आणि विस्तवाला किस. सहा वर्षांचे मूल शाळेत येते तेव्हा घर, विस्तव, पाणी, झाड सगळे त्याला ठाऊक असते, त्यांची नावेही ठाऊक असतात, पण फळ्यावर त्यांतले एकही नाव नसते. बाजारात वडीलधारी माणसे मराठी बोलतात, ती त्याच्या कानावर पडलेली असते. मात्र कानावर पडलेली भाषा आणि विचार करायची भाषा यांत फार अंतर असते. मास्तर प्रश्न विचारतात, मूल गप्प बसते, आणि ते गप्प बसणे पुढे ‘अप्रगत’ या शेऱ्यात जमा होते. बुद्धाची कसोटी लावली तर तो शेरा कोणाच्या नावावर पडायला हवा? ज्याला मुलाची भाषा येत नाही, त्या व्यवस्थेच्या नावावर. खुद्द शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला कोलामी कोणी शिकवलेली नसते आणि त्याच्या हाती कोलामीतले पुस्तकही नसते.

कागदावर सगळे आहे. राज्यघटनेच्या ३५० क या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करण्यास राज्यांना सांगितले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २९ व्या कलमात, शक्य तितके, मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे असे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरला. तिन्हींत ‘शक्य असेल तिथे’ या धर्तीची पळवाट ठेवलेली आहे किंवा वाचली जाते, आणि पोडावरची शाळा नेमकी त्या पळवाटेत सापडते.

वर्ध्यातही असेच झाले होते. ऑक्टोबर १९३७ मध्ये तिथे भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींच्या पुढाकाराने सात वर्षांचे, मातृभाषेतले, हाताच्या कामाशी जोडलेले शिक्षण ठरले. नई तालीम म्हणून ते पुढे जगाला माहीत झाले. त्याच दशकाच्या उत्तरार्धात मरे एमेनो हा भाषाशास्त्रज्ञ वर्धा जिल्ह्यातल्या कोलामांची भाषा टिपून घेत होता. त्याचा कोलामीवरचा ग्रंथ १९५५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने काढला. एकाच जिल्ह्यात मातृभाषेचा ठराव झाला आणि कोलामी भाषाही टिपून घेतली गेली, पण त्या दोन गोष्टींची गाठ पडली नाही. ठरावातली मातृभाषा म्हणजे प्रांताची भाषा, असे सगळ्यांनी धरून चालले, आणि एमेनोचा ग्रंथ पंडितांपुरता राहिला.

आता पुस्तकांकडे. बालभारती म्हणजे महाराष्ट्राची पाठ्यपुस्तक निर्मिती संस्था २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झाली, तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते. पुसद तालुक्यातल्या गहुली तांड्यावर जन्मलेले, बंजारा समाजातले. खेड्यातल्या मुलाला स्वस्त, एकसारखे, नीट तपासलेले पुस्तक मिळावे यासाठी या संस्थेने केलेले काम फार मोठे आहे. मराठीबरोबर हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड, तेलुगू, सिंधी या माध्यमांची पुस्तकेही ती काढते. ती आता संकेतस्थळावरून कोणालाही फुकट उतरवून घेता येतात. बंजारा समाजाची गोरमाटी, गोंडी आणि कोलामी मात्र तिच्या माध्यमांत नाहीत.

याच पुस्तकांच्या आतल्या पानावर आणखी एक गोष्ट छापलेली असते. संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय पुस्तकातला कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही, अशी सूचना. वर्गात शिकवताना होणाऱ्या वापराला लेखनहक्क कायद्यात मोकळीक आहे. पण झरीकडच्या एखाद्या कोलाम तरुणाने पहिलीचे धडे कोलामीत करून, छापून, पंधरा पोडांवर वाटायचे ठरवले, तर त्याला परवानगीचा अर्ज करावा लागेल. अर्ज मंजूरही होईल कदाचित. मात्र फुकट मिळणारे पुस्तक आणि खुले पुस्तक यांत हाच फरक आहे. पहिले वाचता येते. दुसरे वाचता येते, बदलता येते, आपल्या बोलीत आणता येते, छापून वाटता येते. जनतेच्या पैशातून तयार झालेले पुस्तक दुसऱ्या प्रकारचे असू नये, याला पटण्याजोगे कारण सापडत नाही.

गांधीजींच्या ‘हिंद स्वराज’ची इंग्रजी आवृत्ती १९१० साली दक्षिण आफ्रिकेत त्यांच्या फिनिक्सच्या छापखान्यातून निघाली. तिच्यावर कोणतेही हक्क राखून ठेवलेले नाहीत, असे स्वच्छ छापले होते. पुढे १९४० साली त्यांनी आपल्या लेखनाचे हक्क नवजीवन ट्रस्टकडे दिले. मुक्त हस्ते दिलेले जपायचे कसे, हा महानुभावांपुढचा पेच त्यांनाही टळला नाही. त्यांच्या निधनाला साठ वर्षे झाल्यावर, १ जानेवारी २००९ रोजी, ते सारे लेखन पुन्हा सर्वांचे झाले. लेखनहक्क म्हणजे निसर्गाने किंवा देवाने दिलेला हक्क नसून समाजाने मर्यादित काळापुरती केलेली सोय आहे, हा विचार दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ च्या निकालात मांडला. खटला होता दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानाचा. विद्यार्थ्यांसाठी महागड्या पुस्तकांतले भाग एकत्र करून देणाऱ्या त्या दुकानावर बड्या विदेशी प्रकाशकांनी दावा लावला होता, आणि न्यायालयाने तो फेटाळला. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या बाजारपेठेतही ज्ञान पोचवणारे पहिले यंत्र झेरॉक्सचेच आहे. खुल्या परवान्याचा अर्थ खेड्यात एवढा साधा असतो: निर्धास्तपणे झेरॉक्स काढता यावी.

आफ्रिकेतल्या शाळांनी या बाबतीत आपल्यापेक्षा पुढची पावले टाकली आहेत. केप टाऊनमधल्या भौतिकशास्त्राच्या काही तरुण अभ्यासकांनी २००२ च्या सुमारास गणित-विज्ञानाची खुली पुस्तके लिहायला घेतली. त्यांतून सियावुला ही संस्था वाढली, आणि २०१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने ती पुस्तके स्वतः छापून सरकारी शाळांना दिली. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘आफ्रिकन स्टोरीबुक’ने लहानग्यांसाठी गोष्टी खुल्या परवान्याने आणल्या. त्यांची भाषांतरे तिथले शिक्षक आणि ग्रंथपाल स्वतःच्या भाषांत करतात आणि गोष्टीत आपल्या गावाला साजेसे बदलही करतात. बेंगळुरूच्या प्रथम बुक्सने २०१५ मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ हे असेच व्यासपीठ उघडले. आफ्रिकेतल्या गोष्टी तिथे आल्या. २०१८ च्या सुमारास ‘सीजीनेट स्वर’ या उपक्रमाच्या पुढाकाराने गोंडी बोलणाऱ्या माणसांनी तिथल्या शेकडो गोष्टी गोंडीत आणल्या. त्यासाठी कोणाला परवानगी मागावी लागली नाही, कारण ती आधीच दिलेली होती.

पण यवतमाळकरांना आफ्रिकेपर्यंत जायचीही गरज नाही. पैनगंगा ओलांडली की आदिलाबादचा मुलूख लागतो. तिथे १९४० मध्ये कुमराम भीमू यांच्या नेतृत्वाखालचा गोंडांचा उठाव निजामाच्या पोलिसांनी गोळीबाराने मोडला. भीमू मारले गेले. त्यानंतर गोंडांचे दुःख समजून घेण्यासाठी निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना नेमले. त्यांनी १९४३ मध्ये मारलवाई या गावात गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र काढले. शिकलेले गोंड मिळणेच कठीण होते, म्हणून थोडीफार अक्षरओळख असलेल्या तरुणांपासून सुरुवात झाली. गोंडीतली वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. या कामाशी पुढे सेतुमाधवराव पगडी यांचाही संबंध आला. मराठी वाचक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतात, पण आदिलाबादेत अधिकारी असताना त्यांनी गोंडी आणि कोलामी आत्मसात केल्या आणि दोन्हींची व्याकरणे लिहिली. त्यांचे कोलामीचे व्याकरण १९५० चे, म्हणजे एमेनोच्या ग्रंथाच्याही आधीचे. मुलाच्या दारापर्यंत भाषा घेऊन जाणारा सरकारी अधिकारी कसा असतो, हे पाहायला मराठी माणसाला याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही. पुढे १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली, आदिलाबाद तेलुगू राज्यात गेले आणि शाळेत गोंडीची जागा तेलुगूने घेतली. प्रयोग फसला म्हणून थांबला नाही. राज्याची सीमा हलली म्हणून थांबला.

यावर पालकांचाच एक आक्षेप असतो, आणि तो मनावर घ्यायला हवा. कोलामी घरी आहेच, शाळेत आम्हाला मराठी आणि इंग्रजी हवी, नाहीतर पोरगा कापूस वेचतच राहील, असे आईबाप म्हणतात. त्यांचे मागणे रास्त आहे. मातृभाषेच्या नावाखाली मुलाला पोडातच अडकवून ठेवणे हाही अन्यायच होईल. पण मातृभाषेतून सुरुवात केल्याने दुसरी भाषा मागे पडते, हे खरे नाही. नायजेरियात इफे इथे १९७० मध्ये बाब्स फाफुन्वा यांच्या नेतृत्वाखाली एक प्रयोग झाला. मुलांना सहा वर्षे सगळे विषय योरुबातून शिकवले आणि इंग्रजी ही वेगळी भाषा म्हणून शिकवली. ही मुले इतर मुलांच्या मागे राहिली नाहीत, काही विषयांत पुढेच गेली, आणि इंग्रजीतही कमी पडली नाहीत. घरच्या भाषेत एकदा वाचायला आले की ते कौशल्य दुसऱ्या भाषेत चालत येते. देवनागरीत कोलामी वाचणारे मूल मराठीची निम्मी वाट आधीच चालून आलेले असते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि खुल्या ज्ञानाच्या पुरस्कर्त्यांनी तो फारसा ऐकून घेतलेला नाही. सगळेच ज्ञान सर्वांसाठी उघडे करणे नेहमी न्याय्य असते का? परधान हे गोंडांचे पिढीजात भाट. देवांची, कुळांची, पहांदी पारी कुपार लिंगोची गाथा किंगरीवर गाऊन ते जपत आले. कोणत्या परधान घराण्याने कोणत्या गोंड कुळासाठी गायचे, हे ठरलेले असते. ती गाथा कोणी ध्वनिमुद्रित करून जगाला खुली केली, तर ज्यांची ती उपजीविका आणि उपासना होती, त्यांच्या हाती काय उरते? लोकगीते, औषधी, नक्षी बाहेरच्यांनी नेली आणि त्यांवर आपली नावे लावली, याचा अनुभव आदिवासींना भरपूर आहे. दुबळ्याने आपली मूठ मिटली तर ते त्याचे संरक्षण असते. महानुभावांची सकळ लिपीही याच दृष्टीने पाहायला हवी. परचक्र आणि कुचेष्टा सोसणाऱ्यांची ती मूठ होती. सत्ता हातात असलेल्याने मिटलेली मूठ हा निराळा प्रकार आहे. राज्याचे पाठ्यपुस्तक, विद्यापीठाचे संशोधन, सरकारी शब्दकोश यांवर कोणाचेही पोट अवलंबून नाही, आणि त्यांचा खर्च सर्वांनी मिळून दिलेला आहे. ते मोकळे करण्याचे बंधन वर असलेल्यावर आहे. खालच्याने आपली गाथा मोकळी करावी की नाही, हे मात्र त्यालाच ठरवू द्यावे लागेल.

हे बंधन कशाचे? इथे परंपरेतलाच एक विचार उपयोगी पडतो. शाळेला जमीन, पुस्तके किंवा पैसा दिला की आपण त्याला विद्यादान म्हणतो. दान मोठेच, पण दानात देणारा वर आणि घेणारा खाली राहतो. दिले नाही तर देणाऱ्यावर दोष येत नाही, पुण्य तेवढे हुकते. तैत्तिरीय संहितेत तीन ऋणांची कल्पना आहे. माणूस जन्मतःच देवांचे, पितरांचे आणि ऋषींचे ऋण घेऊन येतो, आणि ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने, म्हणजे गुरूकडच्या अध्ययनाने, फिटते. मूळ वचन ब्राह्मणापुरते बोलते, हे लपवण्याचे कारण नाही. पण आज शिकलेला प्रत्येक जण त्याच जागी उभा आहे. त्याने ज्या भाषेत विचार केला ती हजारो अनाम माणसांनी घडवली, आणि ज्या शाळेत तो शिकला ती फुल्यांनी दाखवले त्याप्रमाणे कापूस पिकवणाऱ्याच्या पैशावर चालली. आपली विद्या मग आपल्याकडे आलेली ठेव ठरते. ती पुढे पोचवली तर उपकार होत नाहीत, आणि अडवून ठेवली तर दुसऱ्याचे देणे बुडवल्यासारखे होते. खुला परवाना, मातृभाषेतले पुस्तक, पोडावर जाणारा शिक्षक या तिन्हींकडे दान म्हणून पाहिले तर ते सवडीने करायचे काम ठरते. देणे म्हणून पाहिले तर त्याला मुदत लागू होते.

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा काढली. २०२२ मध्ये शिक्षण खात्याने तिला मान्यता नाही म्हणून ती अनधिकृत ठरवली आणि बंद करण्याची नोटीस दिली. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. शाळेची इमारत सुरक्षित आहे का, शिक्षक पुरेसे आहेत का, हे पाहणे सरकारचे कामच आहे. पण ज्या गावाने, राज्याने पार न पाडलेले घटनात्मक कर्तव्य स्वतःच्या अंगावर घेतले, त्याच्याकडे पहिली नोटीस गेली आणि मदत गेली नाही, याचा खेद वाटल्याशिवाय राहत नाही.

यवतमाळ जिल्ह्यात हे काम अशक्य कोटीतले नाही. पाठ्यपुस्तकाच्या आतल्या पानावरची सूचना बदलून तिथे खुला परवाना छापायला एक शासन निर्णय पुरतो. बारावी झालेले कोलाम आणि गोंड तरुण-तरुणी तालुक्यातालुक्यात आहेत. त्यांना पहिली-दुसरीच्या वर्गात मानधनावर नेमता येईल, आणि ते काम करत असतानाच त्यांचे अध्यापनाचे शिक्षण पुरे करून घेता येईल. लिपी देवनागरीच ठेवावी, कारण मुलाला पुढे तीच लागणार आहे. मजकूर मात्र पुण्यात किंवा मुंबईत बसून तयार होऊ नये. कोलामीची बोली मारेगावकडे आणि घाटंजीकडे अगदी एकसारखी असेल असे धरून चालू नये, आणि बाहेरच्या भाषांतरकाराला न कळणाऱ्या चुका आजीबाईला ऐकताक्षणी कळतात. म्हणून प्रत्येक पुस्तकाचा कच्चा खर्डा आधी पोडाच्या चावडीत मोठ्याने वाचला जावा, जमलेल्यांनी तो दुरुस्त करून द्यावा, त्यांची नावे पुस्तकात छापली जावीत आणि त्यानंतरच ते छपाईला जावे.